अर्ध्या कोयत्याचं वजन

साखर कारखान्याच्या पट्ट्यात तोडणीची माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. यंदा टोळीत किती कोयते, असं टोळी जमवून नेणाऱ्या मुकादमाला विचारलं की तो म्हणतो, "बारा." बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. गडी एकटाच आला, किंवा एखादी विधवा बाई एकटीच आली, तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, टनाचा हिशेब कोयत्याच्या नावावर चढतो आणि कोयता म्हणून जे नाव वहीत पडतं ते बहुतेक वेळा गड्याचं असतं.

हा शब्द नुसता बोलीतला सोयीचा शब्द असता तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण कामाच्या जागी कुणाच्या शरीराला काय होतं हे शोधायचं, तर आधी ते शरीर वेगळं मोजावं लागतं. इथे दोन शरीरं मोजमापाच्या पहिल्याच पायरीला एक होतात. पुढचं सगळं, म्हणजे पाठ, मान, लघवीची जळजळ, गर्भपिशवीचं ऑपरेशन, त्या एका आकड्याच्या पोटात गडप होतं.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, पाथर्डी-शेवगावकडून, धाराशिव, जालना, परभणीतून टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नाहीतर थेट कर्नाटकात बेळगावकडे. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्याआधी पावसाळ्यातच मुकादमाकडून पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत उचल घेऊन झालेली असते आणि तिच्यातून घराचं, लग्नाचं, दवाखान्याचं जुनं देणं भागलेलंही असतं. म्हणजे पहिला ऊस तोडण्याआधीच मजुरी संपलेली असते. आता ती फेडायची.

फेडताना एक दिवस काम बुडालं की खाडा पडतो. दिवसाला पाचशे रुपये, कुठे त्याहून जास्त. आणि खाडा कोयत्याला पडतो. बाईला ताप आला तर तो एकट्या बाईचा खाडा नसतो. तोडलेला ऊस बांधायला आणि वाहायला माणूस नाही म्हणून गड्याचंही काम अडतं, मजुरी दोघांची जाते आणि वर दंड. गड्याच्या पायावर कोयता बसला तरी हिशेब तोच. पण कोयता पायावर कधीतरी बसतो, पाळी दर महिन्याला येते. एकाच नियमाचा भार दोन शरीरांवर सारखा का पडत नाही, याचं याहून सोपं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतात, कामाची वाटणी ठरलेली असते. गडी बुडख्याशी वाकून ऊस तोडतो. बाई वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, छाटते, पाचट सोलते, ऊस गोळा करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीकडे चालू लागते. मोळी भरायला गडीही लागतो, पण बांधणं बहुतेक बाईकडेच. लोक याला "हलकं काम" म्हणतात, कारण कोयत्याचा घाव दिसतो आणि ओझं दिसत नाही. खरंच किती हलकं, ते मांडून पाहू.

चांगला पोसलेला ऊस एक-दीड किलोचा भरतो. वीस-पंचवीस उसांची मोळी बांधली की पंचवीस ते पस्तीस किलो होतात. आडसाली, म्हणजे जास्त काळ वाढवलेल्या उसाचा फड असेल तर थोडं जास्तच. एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस पाडते असं धरा. दोन हजार किलोच्या पंचवीस-पंचवीस किलोंच्या मोळ्या केल्या तर ऐंशी मोळ्या. त्यातल्या निम्म्या गड्याने वाहिल्या असं धरलं तरी बाईच्या वाट्याला चाळीस. फडातून गाडी पन्नास मीटरवर उभी असली तर जाऊन-येऊन शंभर मीटर, चाळीस खेपांचे चार किलोमीटर. त्यातले दोन डोक्यावर ओझं घेऊन, तेही नुकत्याच तोडलेल्या उसाच्या खुंटांतून. ते खुंट तिरके आणि टोकदार असतात, वरून पाचटाने झाकलेले असतात, आणि पायात रबरी चप्पल असते.

ओझं उचलण्याच्या शास्त्रात कामाच्या जागच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं एक सूत्र जगभर वापरतात. सगळं आदर्श असलं, म्हणजे वजन अंगालगत, कमरेच्या उंचीवर, धरायला नीट मूठ, अंगाला पीळ नाही आणि उचलणंही क्वचित, तर उचलायला चालणारं वजन २३ किलो. मग एकेक गैरसोय वाढली की त्या २३ ला कात्री लागत जाते. मोळीत सगळ्याच गैरसोयी एकत्र आहेत. ती जमिनीवरून उचलायची, तिला मूठ नाही, आठ-नऊ फूट लांब, आणि दिवसभर पुन:पुन्हा. आपल्याकडच्या कारखाना नियमांतही बाईने एकटीने उचलायच्या ओझ्याला ३० किलोची मर्यादा आहे. ती कारखान्यासाठी. फड कारखाना नाही.

सगळ्यात वाईट क्षण चालण्याचा नसतो, उचलण्याचा असतो. मोळी एकटीने डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याने द्यावी लागते. आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीवर टेकवून, मग एका झटक्यात वर. त्या झटक्यात कंबर पिळवटते, श्वास कोंडला जातो आणि पोटातला सगळा दाब खाली कटितळाच्या स्नायूंवर येतो. बाळंतपणात हे स्नायू आधीच सैलावलेले असतात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या, नीट विश्रांती न मिळालेल्या बाईत रोजच्या या दाबाने गर्भाशय खाली सरकू लागतं. बायका त्याला "अंग बाहेर येतं" म्हणतात आणि ते सांगायलाही लाजतात. उचलताना श्वास कोंडण्याऐवजी सोडला तर दाब पुष्कळ कमी होतो. एवढी साधी गोष्ट शिकवायला पाच मिनिटं लागतात. ती कोण शिकवणार, हा प्रश्न मात्र पाच मिनिटांचा नाही.

डोक्यावर आलेली मोळी गप्प बसत नाही. पावलागणिक तिची दोन्ही टोकं हेलकावे खातात आणि प्रत्येक हेलकाव्याला मानेचे स्नायू तिला उलटं ओढून धरतात. खाली फाटक्या लुगड्याची चुंबळ असते. चुंबळीने टाळू वाचते, मणके वाचत नाहीत. मग गाडीला लावलेली फळी. हातभर रुंद, तिरपी, पहाटेच्या दहिवराने ओली. ट्रॉली भरत जाते तशी चढण वाढत जाते, म्हणजे दिवसातल्या शेवटच्या, सगळ्यात थकलेल्या खेपा सगळ्यात उंच चढायच्या असतात. पाचव्या-सहाव्या महिन्याच्या पोटाने या फळीवर तोल सांभाळायचा, तर पायाखालचं दिसतच नाही.

ऊसतोडणीतल्या बाईचा एक पेहराव महाराष्ट्रात सगळ्यांनी रस्त्यावरून जाताना पाहिलेला असतो. नेसलेलं लुगडं किंवा साडी आणि तिच्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट. हाच तिचा सुरक्षा पोशाख, तिने स्वतः शोधलेला. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते, हातावर, गळ्यावर बारीक चिरा पडतात. पात्याच्या बुडाशी कूस, म्हणजे बारीक काटेरी लव असते, ती अंगात घुसली की रात्रभर खाज. त्यावर शर्ट हा चांगला उपाय आहे, पण तो दुसऱ्या मापाच्या अंगासाठी शिवलेला आहे. खांद्याची शिवण दंडावर उतरते, त्यामुळे मोळी धरायला हात वर केला की अख्खा शर्ट वर ओढला जातो आणि पोट-कंबर उघडी पडते. बाह्या लांब म्हणून दुमडायच्या, आणि त्या दुमडीतच कूस साठते. छातीवर बटणं ओढ खातात म्हणून वरची दोन उघडी राहतात आणि गळा, जो झाकायचा होता तोच, मोकळा राहतो. खालच्या साडीचं तर बोलायलाच नको. दहिवराने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भिजलेली साडी ऊन चढेपर्यंत पायाला चिकटून असते, आणि पाळीच्या दिवसांत आतलं कापडही ओलं. ओल्या कापडाने चालून मांड्या सोलतात. मनगटाला इलॅस्टिक, उभी कॉलर, गुडघ्यापर्यंत लांब, बाईच्या मापाचा सुती कोट गावचा कुठलाही शिंपी दोन मीटर कापडात शिवून देईल. हातमोजे, गमबूट असं काही वाटलंच तर बहुधा पुरुषी मापात येतं. ढिल्या हातमोज्यात कोयत्याची मूठ फिरते, म्हणून ते दुसऱ्याच दिवशी कोपीच्या, म्हणजे राहत्या झोपडीच्या, कुडाला अडकवलेले दिसतात. मग म्हणायचं, दिलं तरी वापरत नाहीत.

आता पाण्याकडे येऊ, कारण पुढचे निम्मे आजार इथून सुरू होतात.

फड रोज बदलतो. कोप्यांच्या अड्ड्यावर संडास बांधला, आणि तोही क्वचितच बांधतात, तरी दिवसाचे दहा-बारा तास जिथे जातात तिथे काहीच नसतं. गडी बांधाला उभा राहतो. बाईला आडोसा उसाचाच, आणि तोडणी पुढे सरकते तसा तो आडोसाच कमी होत जातो. यावर बायकांनी काढलेला तोडगा एकच, पाणी कमी प्यायचं. लघवी तुंबवली, कमी पाण्याने ती दाट झाली, की जंतुसंसर्ग होतो. जळजळ, ओटीपोटात दुखणं, अंगावरून पांढरं जाणं. फेब्रुवारीनंतर ऊन तापतं तेव्हा घामाला लागणारं पाणीही शरीरात नसतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत बाईच्या शरीराचं तापमान मुळातच अर्ध्या अंशाच्या आसपास चढलेलं असतं, म्हणजे उन्हाशी झगडण्याची सुरुवातच एक पाऊल मागून. आणि दुखण्यावर सगळ्यांची आवडती गोळी असते, डायक्लोफेनॅकच्या जातीची, किराणा दुकानातही मिळणारी. ती उपाशीपोटी घेतली तर जठराला आणि पाणी न पिता रोज घेतली तर मूत्रपिंडाला इजा करते. कमी पाणी, जास्त ऊन आणि रोजची गोळी या तिघांची गाठ फडात पडते. भूक मारायला दाताला मिश्री असतेच.

या वाटेच्या शेवटी दवाखाना आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया बातम्यांत आल्या, गदारोळ झाला, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहांत एक. त्यात पस्तिशी-चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ होत्या.

त्या वेळी चर्चा डॉक्टरांच्या लोभावर अडकली. लोभ होताच. पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" असं सांगून टेबलावर घेणं हा गुन्हाच आहे, कारण त्या तक्रारीतला मोठा भाग साध्या औषधांनी बरा होणारा संसर्ग असतो. पण फक्त लोभाने एवढा आकडा होत नाही. बाईच्या बाजूने पाहा. मुलं झालेली, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं, दर महिन्याला दोन-तीन दिवस अंगावर जातं, खाडा पडतो, हंगामात उपचाराला वेळ नाही, आणि कुणी सांगतं की एकदाच काढून टाक, कटकट संपेल. खाड्याच्या गणितात ते उत्तर बरोबरच येतं. चुकीचं आहे ते गणित. नंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, ते बरंच झालं. खाडा मात्र होता तिथेच राहिला.

आणि कटकट संपत नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते, तिशीतसुद्धा. अंडाशयं ठेवली तरी ती अवस्था लवकर येण्याची शक्यता वाढते. हाडातलं कॅल्शियम झिजू लागतं, सांधे धरतात, झोप उडते, अंगातून वाफा निघतात. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे तरी जड उचलायचं नसतं. ती झाली दिवाळीच्या तोंडावर आणि टोळी निघाली पंधरा दिवसांत, तर टाका पोटात ओला असताना पंचवीस किलो डोक्यावर येतात. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतच चढवलेला असतो.

गड्याचं सोपं आहे असं नाही. दिवसभर कमरेत वाकून उजव्या हाताने कोयता मारायचा म्हणजे कंबर आणि उजवा खांदा जातो, घाव निसटला तर डाव्या नडगीवर किंवा ऊस धरलेल्या डाव्या हातावर बसतो. पाचटात साप. थकव्यावर संध्याकाळी दारू, आणि रात्री भरलेल्या ट्रॉलीवर बसून प्रवास. उचलीच्या कर्जाची काळजी त्याच्या नावावर असते आणि ती कुणापाशी बोलायची पद्धत नसते. पण त्याचं दुखणं निदान सगळ्यांना कामाचं दुखणं वाटतं. "फडात लागलं" असं म्हणतात. बाईच्या दुखण्याला "बायकांचं दुखणं" म्हणतात, म्हणजे फडाशी त्याचा संबंधच तुटतो.

तिचा दिवसही जास्त लांब. पहाटे तिनाला चूल पेटते, कारण तोडीला निघण्याआधी दोन वेळच्या भाकऱ्या व्हायला हव्यात. आणि रात्री गाडी कधी लागेल याचा नेम नाही. नऊला लागली तर नऊला, मध्यरात्री लागली तर मध्यरात्री उठून भरायचं. कामाचे तास किती यापेक्षा हाक कधी येईल हे हातात नसणं माणसाला जास्त खचवतं. पैशाचंही तसंच. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. दोन टन म्हणजे ७३२ रुपये, दोन माणसांचे. पैकी तिच्या हातात रोख येतं ते बहुधा वाढ्याचं. जनावरांना चारा म्हणून वाढ्याच्या पेंढ्या विकल्या जातात, त्यातून तेल, मीठ, चहापत्ती भागते. सहा महिन्यांत तिने स्वतः मोजलेले पैसे एवढेच.

कारखान्याच्या फाटकाच्या आत वेगळं जग आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आत बायकांसाठी वेगळा संडास, चालत्या यंत्राला तेल-पाणी करायला मनाई, तीसपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघर असं बरंच घातलं होतं. आतल्या बॉयलरची दरवर्षी तपासणी होते आणि दाखला मिळाल्याशिवाय तो पेटत नाही. पण साखर कारखान्यात आत बायका जवळजवळ नसतात. त्या फाटकाबाहेर पंधरा-वीस किलोमीटरवर असतात, आणि तिथे त्या कारखान्याच्या कामगार नसतात, मुकादमाच्याही नसतात, नवऱ्याच्या कोयत्याचा अर्धा भाग असतात. प्रसूती लाभासाठी कायद्याने आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलं दाखवावं लागतं. ही बाई दीडशे दिवस भरते. कायदा तिला लागू होतो का हा वाद दूरच, ऐंशी दिवस दाखवायला हजेरीपट कुठे आहे?

लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याचं तर अंतरावरच अडतं. असंघटित बायकांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तक्रार तीन महिन्यांत करायची असते, फार तर आणखी तीन वाढवून मिळतात. डिसेंबरात कोल्हापूरकडच्या फडात मुकादमाने किंवा ट्रॅक्टरवाल्याने हात धरला, तर उचल फिटेपर्यंत ती बोलणार नाही. एप्रिलात गावी बीडला येईल तेव्हा तीन महिन्यांची मुदत उलटलेली असते आणि समिती तीनशे किलोमीटर मागे राहिलेली असते.

काहीच झालं नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचं ठरलं, ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं देणं सुरू झालं. ओळखपत्र बाईच्या नावाचं वेगळं असणं ही बारीकशी गोष्ट वाटते, पण कोयत्याचे दोन तुकडे करण्याची ती पहिली जागा आहे. यंत्राने तोडणी वाढते आहे, तिथे केबिनमध्ये बसणारा पुरुषच असतो, त्यामुळे बाईचं ओझं जाईल ते तिच्या मजुरीसकट.

तोवर फडाच्या बांधावर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं कशालाच मंत्रालयाची वाट पाहायला नको. चार बांबू, ताडपत्री, एक फावडं आणि पाण्याचा ड्रम ट्रॉलीतूनच रोज पुढच्या फडात नेता येतो. आडोसा लावायची वेळ तोडणीच्या आधीची, नंतरची नव्हे. फळी हातभराऐवजी दोन हात रुंद घ्यायची, वर दर फुटावर आडवी पट्टी ठोकायची आणि पहाटे तिच्यावर मूठभर कोरडी माती टाकायची. मोळी वीस उसांऐवजी बाराची बांधायची. खेपा वाढतील, वेळ थोडा जास्त जाईल, मुकादम कुरकुर करेल. म्हणून आधी वजन करून दाखवावं. गावात शेळी-कोंबडी तोलायला वापरतात तो साधा ताणकाटा एका खाड्याच्या पैशात येतो. तीन बांबूंची तिकाटणी फळीच्या तोंडाशी उभी करून काटा टांगायचा, सकाळच्या दोन आणि दिवस कलताना दोन मोळ्या अडकवायच्या, आणि आकडा वहीत तिच्या नावापुढे लिहायचा.